शेजारी सोलर प्लेटा बसल्या, आता शिवाराचं काय?

यंदाच्या खरिपात खान्देशातल्या कोरडवाहू पट्ट्यातून आलेले चार प्रश्न एकाच विषयाचे आहेत. ते एकत्रच घेतो.

प्रश्न : प्लेटांच्या उष्णतेने पाऊस पळेल का? बांधालगतची बाजरी करपेल का?

पाऊस पळत नाही. पवनचक्क्या आल्या तेव्हाही पंख्याने ढग पांगतात, असं पारावर ऐकलंच होतं. आपला पाऊस समुद्रावरून ठरून येतो, पाच-पंचवीस एकर काचेला तो विचारत नाही. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला 125 मेगावॉटचा सौर प्रकल्प 2013 पासून उभा आहे, पण त्यामुळे तालुक्याचा पावसाळा काही हलला नाही.

उष्णतेची गोष्ट मात्र खोटी नाही. प्लेटेवर पडलेल्या उन्हातला साधारण पाचवा हिस्सा वीज होतो, उरलेल्यातली बरीचशी उष्णता होते. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात मोजलं, तेव्हा प्रकल्पातली रात्रीची हवा भोवतालपेक्षा 3 ते 4 अंशांनी गरम भरली. ही वाढ प्रकल्पाच्या आतली आहे. कुंपणापासून लांब जाल तशी ती विरत जाते. बाजरी एवढ्याने करपत नाही. बांधालगतच्या एक-दोन ओळींवर सकाळ-संध्याकाळ सावली पडेल, इतकंच.

प्रश्न : पहिल्याच मोठ्या पावसात प्रकल्पातलं पाणी बांध फोडून पेरलेल्या मुगात घुसलं. आधी माळावरून असं पाणी कधी येत नव्हतं.

खरं दुखणं हे आहे. हिशेब मांडून बघा. 550 वॉटची एक प्लेट अडीच चौरस मीटरहून थोडी मोठी असते. वर्षाला 500 मिलिमीटर पाऊस धरला, तर एका प्लेटेवर सुमारे 1,300 लिटर पाणी पडतं आणि ते सगळं खालच्या कडेवरून एका रेघेत उतरतं. एक मेगावॉटला अशा 1,800 च्या आसपास प्लेटा लागतात. पाऊस वाढलेला नाही. पूर्वी तो माळभर पसरून गवतात मुरायचा, आता धार लावून पडतो.

खाली गवत असेल तर तरीही बरंचसं जिरतं. पण बहुतेक ठिकाणी आधी बुलडोझर फिरतो. आपल्या मुरमाड माळावर माती असते जेमतेम वीतभर, तीच खरवडून ढिगाला लागते. अशा एका जागेची पाहणी केली, तेव्हा प्रत्येक रांगेच्या कडेखाली चार बोटं खोल चरी पडली होती आणि त्यात धुतल्यासारखे खडे उघडे होते. दोन रांगा सोडून एका तुकड्यात बुलडोझर पोचला नव्हता. तिथे प्लेटांखाली मारवेल गवत गुडघाभर वाढलं होतं आणि चरीचा मागमूसही नव्हता.

कडेखाली गवताचा पट्टा, उताराला आडवे समतल चर आणि शेवटी दगडी सांडवा, एवढं प्रकल्पवाल्याकडून लेखी मागून घ्या. पाणी वाहत असतानाच मोबाईलवर फोटो काढा आणि तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या. चार दिवसांनी कोरडी चर दाखवून कुणी मानत नाही. जोधपूरच्या काजरी या कोरडवाहू शेतीवर संशोधन करणाऱ्या केंद्रीय संस्थेने प्लेटांना पन्हळ लावून हेच पाणी टाकीत घेतलं. ते प्लेटा धुवायला आणि पिकाला वापरतात. आपल्याकडे शेततळं करता येईल.

प्रश्न : कुंपणालगतच्या कपाशीची पानं भेंडीच्या पानांसारखी, बोटं फुटल्यागत झाली आहेत. रोग कोणता?

रोग नाही. प्रकल्पात मारलेल्या टू-फोर-डी तणनाशकाचा वारा लागल्याची ही खूण आहे. कपाशी या औषधाला फार नाजूक. रसशोषक कीड समजून कीटकनाशक मारू नका, पैसा वाया जाईल. मार हलका असेल तर पुढचे शेंडे सरळ येतात. प्लेटांखालचं गवत मारायची गरजच नसते. ते कापता येतं किंवा मेंढ्या सोडता येतात. बकऱ्या नकोत, त्या प्लेटेवर चढतात आणि वायरी कुरतडतात.

प्रश्न : माळ भाड्याने द्यावा का? खाली पीक घेता येईल?

शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठीच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मध्ये हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं आणि दरवर्षी 3 टक्के वाढ आहे. कोरडवाहू माळाला हा आकडा वाईट नाही. अ‍ॅरिझोनात प्लेटांखाली एका जातीच्या मिरचीचं उत्पादन तिप्पट आलं, हे तुम्ही व्हिडिओत पाहिलं असेल. ते खरं आहे, पण तिथे प्लेटा माणसाच्या डोक्यावरून उंच होत्या आणि पिकाला पाणी दिलेलं होतं. आपल्याकडच्या कमरेएवढ्या सांगाड्याखाली चाऱ्याच्या गवताचाच विचार करा.

सहीआधी करारात तीन गोष्टी लिहून घ्या : वरची माती हलवायची नाही, तणनाशक मारायचं नाही, मुदत संपल्यावर काँक्रीटसकट सांगाडे काढून न्यायचे. गायरान द्यायचं असेल, तर ग्रामसभेत आधी मेंढपाळांना बोलू द्या. कागदावर पडीक लिहिलेल्या त्या जमिनीवर त्यांची जनावरं जगतात आणि चंडोल अंडी घालतो.