महिन्याकाठच्या आठ-दहा काळोख्या रात्री

प्रश्न : माझी मुलगी 20 वर्षांची आहे, पदवीच्या शेवटच्या वर्षाला. दोन वर्षांपासून तिला रात्रीच्या निसर्गाचे फोटो काढायचं वेड लागलंय. अमावस्या जवळ आली की कॅमेरा आणि ट्रायपॉड घेऊन निघते, कधी कधी एकटीच, आणि पहाटे परतते. आता म्हणते, हेच करिअर करणार. फोटो सुंदर असतात, हे मलाही दिसतं. पण यावर तिचं पोट भरेल का? तिला अडवू का? – एक आई

उत्तर : नमस्कार ताई,

अडवू नका. मात्र निव्वळ रात्रीच्या निसर्गचित्रणावर घर चालेल, असं आश्वासन मी देणार नाही. अडचण तिच्या कलेत नाही, दिनदर्शिकेत आहे. आकाशगंगा नीट टिपायची तर सूर्य क्षितिजाखाली 18 अंश गेलेला हवा आणि चंद्र आकाशात नको. चंद्राचं चक्र साडेएकोणतीस दिवसांचं. त्यात असा भरपूर काळोख अमावस्येच्या मागेपुढे मिळून आठ-दहा रात्रीच मिळतो. त्यातल्या काही ढगांत जातात. डिसेंबर-जानेवारीत तर आकाशगंगेचा तेजस्वी गाभा सूर्याच्याच दिशेला असतो, म्हणून दिसतच नाही. पौर्णिमेच्या चांदण्यात डोंगर छान येतात, पण तारे फिके पडतात. ज्या कामाला महिन्यात इतक्या मोजक्या रात्री मिळतात, त्यावर दरमहाचा खर्च बेतणं कठीण.

मग पैसे कुठून येतात? या क्षेत्रात टिकलेले लोक मोठ्या आकाराच्या प्रिंट विकतात, कार्यशाळा घेतात, टाइमलॅप्सचे (तासन्‌तास काढलेले फोटो जोडून केलेल्या वेगवान चित्रफितींचे) हक्क देतात, पर्यटनाशी संबंधित कामं घेतात. पण बहुतेकांचा पाया दुसऱ्याच फोटोग्राफीवर उभा असतो : वास्तू, उत्पादनं, समारंभ, जाहिरात. यात कमीपणा मानू नये. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स हे अमेरिकी छायाचित्रकार म्हणजे निसर्गचित्रणातलं केवढं मोठं नाव, पण त्यांनीही कित्येक वर्षं व्यावसायिक कामं करून घर चालवलं. 1 नोव्हेंबर 1941 रोजी न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र त्यांना टिपायचा होता. उजेड झपाट्याने चालला होता आणि उजेड मोजायचा लाइट मीटर सापडेना. चंद्राची तेजस्विता त्यांना पाठ होती, त्यावरून त्यांनी एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, ठरवलं. ते छायाचित्र अजरामर झालं. ही तयारी एका संध्याकाळीत होत नाही. रोज कामासाठी कॅमेरा हातात असेल, तर ती अंगी मुरते.

तुमच्या मुलीकडे या तयारीची सुरुवात आहे का, हे तुम्हालाही तपासता येईल. फोटोग्राफी येत नसली तरी चालेल. तिला विचारा : ‘पुढच्या अमावस्येला कुठे जाणार? तिथेच का? गाभा किती वाजता उगवेल? ढग आले तर काय करशील?’ उत्तरं तयार असतील, तर कामाचं नियोजन ती आत्ताच शिकते आहे. ‘शटर किती सेकंद उघडं ठेवतेस?’ हेही विचारा. 500 ला लेन्सच्या फोकल लेंग्थने (लेन्सवर लिहिलेल्या मिलिमीटरच्या आकड्याने) भागायचं, असा एक ढोबळ नियम आहे. 20 मिलिमीटरच्या लेन्सला 25 सेकंद. त्याहून जास्त ठेवलं तर ताऱ्यांच्या रेषा होतात, कारण पृथ्वी तासाला 15 अंश फिरते. नव्या कॅमेऱ्यांचे पिक्सेल बारीक असल्याने शटर याहूनही कमी वेळ उघडं ठेवावं लागतं, असं ती स्वतःहून सांगू लागली, तर मला फार आनंद होईल.

हे कौशल्य दिवसाच्या कामात वाया जात नाही. संध्याकाळच्या निळ्या उजेडात दिवे लागलेल्या इमारतीचा फोटो काढताना हाच ट्रायपॉड, हेच लांब एक्स्पोजर, हीच वाट बघायची सवय लागते. म्हणून माझा सल्ला वास्तुचित्रणाचा आहे. पदवी पूर्ण झाली की तिने वर्षभर एखाद्या कामात असलेल्या फोटोग्राफरकडे सहायक म्हणून राहावं. दिवे उचलावेत, ग्राहकाशी बोलणं ऐकावं, अंदाजपत्रक कसं देतात ते पाहावं. नवी महागडी लेन्स मात्र या वर्षात घेऊ नये. अमावस्येच्या रात्री तिच्याच राहू द्या.

पोर्टफोलिओत 15-20 फोटो पुरेत. एकाच आकाशगंगेचे दहा नकोत. आकाश एका रात्रीचं आणि डोंगर दुसऱ्या ठिकाणचा, असं जोडकाम केलं असेल तर तसं स्पष्ट लिहावं. मूळ रॉ फायली (कॅमेऱ्यातून आलेल्या, काहीही बदल न केलेल्या) जपून ठेवाव्यात, कारण स्पर्धांचे परीक्षक त्या मागू शकतात. याबाबतीत मी जरा कडक आहे. या चित्रांची किंमत ‘तो क्षण खरंच असा होता’ या विश्वासावर उभी असते, आणि आता संगणकाने बनवलेल्या चित्रांमुळे तो विश्वास आणखी मोलाचा झाला आहे.

तिच्या एकटीने जाण्याची तुमची काळजी रास्त आहे, ती ‘जुन्या विचारांची’ म्हणून बाजूला सारू नका. जागा आधी दिवसा पाहून यायची, सोबत कुणीतरी असलंच पाहिजे, परतायची वेळ घरी सांगून जायची, हे तिघींच्या-चौघींच्या गटालाही लागू. या अटी तुम्ही दोघींनी मिळून ठरवा.

आणि एकदा तुम्हीच तिच्यासोबत जा. मोबाइल खिशात ठेवा आणि टॉर्च लाल प्रकाशाचा घ्या. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि पांढरा झोत एकदा डोळ्यांवर पडला की पुन्हा पहिल्यापासून थांबावं लागतं.