फोर्टात गाडी आणायला पैसे घ्यावेत का?

तुमचा प्रश्न असा: लंडनप्रमाणे मुंबईच्या फोर्ट भागात शिरणाऱ्या गाड्यांकडून पैसे घेतले तर कोंडी कमी होईल, की तो निव्वळ आणखी एक टोल ठरेल?

माझं ऑफिस हॉर्निमन सर्कलच्या मागच्या गल्लीत आहे आणि मी डोंबिवलीहून लोकलने येतो, तेव्हा माझा कल कुठे असणार ते उघड आहे. माझ्या मते पैसे घ्यावेत. पण पार्किंगला हात न लावता घेतले, तर तुमची टोलची शंका खरी ठरेल.

जागेचा विचार केला तर फोर्ट यासाठी लंडनपेक्षा सोयीचा आहे. लंडनला शहर ओलांडून पलीकडे जाणाऱ्या गाड्यांसाठी हद्दीभोवतीचा रिंगरोड मोकळा ठेवावा लागला. फोर्ट ओलांडून कुठे जाणार? कुलाबा, कफ परेड, नरीमन पॉइंट, पुढे समुद्र. उत्तरेकडून येण्याचे मोठे रस्तेही मोजकेच: मरीन ड्राइव्ह, महर्षी कर्वे रोड, जे.जे. उड्डाणपुलावरून उतरून क्रॉफर्ड मार्केट, आणि पी. डिमेलो रोड. किल्ल्याची तटबंदी १८६० च्या दशकात पाडली, तोवर ये-जा अपोलो गेट, चर्चगेट आणि बझारगेट या तीन दरवाजांतूनच होती. आज कॅमेरे लावायचे झाले तरी फार नाके लागणार नाहीत.

लंडनने १७ फेब्रुवारी २००३ ला दिवसाला ५ पौंडांपासून सुरुवात केली आणि हद्दीत येणाऱ्या गाड्या साधारण पाचव्या हिश्शाने घटल्या. त्याआधीच तिथे जादा बस रस्त्यावर आणल्या होत्या आणि जमलेला पैसा वाहतुकीवरच खर्च करायचं कायद्याने बंधन होतं. पुढे कोंडी हळूहळू परतली. रस्त्यांची खोदकामं हे एक कारण, आणि अ‍ॅपवरच्या भाड्याच्या गाड्यांना २०१९ पर्यंत माफी होती हेही. आपल्याकडे ओला-उबरला माफी दिली तर तेच होणार. न्यूयॉर्कने जानेवारी २०२५ मध्ये यातून बरा मार्ग काढला: खासगी कारला गर्दीच्या वेळी ९ डॉलर, पण टॅक्सीच्या प्रवाशाकडून दर फेरीला ७५ सेंट आणि अ‍ॅपच्या गाडीत बसणाऱ्याकडून दीड डॉलर. काळी-पिवळी आणि अ‍ॅपवाले यांच्यासाठी मी हाच हिशोब उचलेन.

गरिबाच्या खिशाला चाट बसेल, हा आक्षेप मला फोर्टापुरता पटत नाही. इथला बहुसंख्य नोकरदार सीएसएमटी किंवा चर्चगेटला उतरून चालत येतो. शिवाय ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ कफ परेडपर्यंत धावते. हुतात्मा चौकाला स्टेशन आहे, त्यामुळे अंधेरी-सीप्झकडच्या गाडीवाल्यांची सबब बरीच लंगडी झाली. अडतं ते स्टेशनच्या बाहेर. संध्याकाळी बॅलार्ड इस्टेटहून चर्चगेट गाठायचं तर बेस्टची वाट बघा नाहीतर शेअर टॅक्सीच्या रांगेत उभे राहा. म्हणून या वसुलीचा पहिला रुपया बेस्टच्या बसवरच गेला पाहिजे, आणि तसं आधी कागदावर आलं पाहिजे.

आता पार्किंग. सकाळी दहाला आलेली कार इथे संध्याकाळपर्यंत हलत नाही. प्रवेशाचे शंभर-दोनशे भरून तिने दिवसभर फूटपाथलगतची जागा अडवली, तर वर ‘पैसे भरलेत’ ही ऐटही येईल. साहेबाला कंपाउंडात फुकट जागा मिळते, बाहेरची रांग मात्र सगळ्यांच्या वाट्याला. जागतिक वारसा म्हणून २०१८ मध्ये मान मिळालेल्या इमारतींचे खालचे मजले बंपरांच्या आडून बघायचे! रस्त्यावरच्या पार्किंगचा दर तासागणिक चढता ठेवला, तर निम्मं काम नाक्यावर कॅमेरा न लावताही होईल असं मला वाटतं.

माफीच्या यादीबद्दल मी कडक आहे. अँब्युलन्स, अग्निशमन, बस, अपंगांची वाहनं, एवढंच. मंत्रालयाच्या गाड्यांना सूट दिली की लोक हसतील आणि भरणार नाहीत. कुलाबेकरांना मोठी सवलत द्यावी, कारण त्यांना बाहेर पडायला दुसरा रस्ताच नाही. बोरा बझार आणि क्रॉफर्ड मार्केटच्या टेम्पोंना पहाटे फुकट, दुपारी महाग. वसुली फास्टॅगवरून थेट कापून घ्यावी. ई-चलानं लोक कशी थकवतात ते आपण बघतोच.

खरा अडसर राजकीय आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये याच शहराच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला, तेव्हा नवा आकार लावायला कोण पुढे येणार? स्टॉकहोमचा अनुभव मात्र धीर देणारा आहे. तिथेही आधी लोक विरोधातच होते. २००६ मध्ये जानेवारी ते जुलै प्रयोग केला, गाड्या सुमारे २० टक्क्यांनी घटल्या, आणि सप्टेंबरात मतदान घेतलं तर शहराने थोड्या बहुमताने का होईना, हो म्हटलं. एडिंबरामध्ये २००५ ला प्रयोग न करताच कौल मागितला आणि प्रस्ताव दणकून आपटला.

मुंबईत प्रयोग करायचाच तर तोही जानेवारीत सुरू करून मेअखेर आकडे मांडावेत. जूनमध्ये सुरू केला तर पहिल्याच मोठ्या पावसात लोकल बंद पडतील आणि सगळं खापर या शुल्कावर फुटेल.