शंभरपैकी किती?

“छोट्या गोष्टीवरून मी माणसाचाच निकाल लावून मोकळा होतो. चूक नंतर कळते, पण तोवर बोलून झालेलं असतं.” समुपदेशनासाठी आलेले पंचेचाळिशीचे एक गृहस्थ सांगत होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) निमित्त मुलाचं. क्लासला गेलो म्हणाला, गेला नव्हता. वडिलांनी ‘खोटारडा’ म्हटलं, ‘तू नेहमीच फसवतोस’ म्हटलं, आणि मग घरात चार दिवस अबोला. पत्नीचं म्हणणं एवढंच, की यांना तारतम्य नाही.

शब्द अगदी नेमका आहे. संस्कृतातल्या ‘तर’ आणि ‘तम’ या प्रत्ययांवरून तो आला : लघुतर, लघुतम. दोन गोष्टींत कमी काय, जास्त काय, हे ओळखणं. रागात ‘तर’ गळतो, उरतो फक्त ‘तम’. मानसोपचारतज्ज्ञ आरॉन बेक यांनी १९६०च्या दशकात विचारांच्या ज्या चुकीच्या सवयी नोंदवल्या, त्यांत पराचा कावळा करणं आणि एका प्रसंगावरून सरसकट निष्कर्ष काढणं, दोन्ही आहेत.

आधी ‘नेहमीच’ मोजायला सांगितलं. सहा महिन्यांत किती वेळा? बराच वेळ आठवून उत्तर आलं, दोनदा. ‘तू दोनदा खोटं सांगितलंस’ यावर मुलाशी बोलता येतं. ‘तू खोटारडा आहेस’ यावर फक्त भांडता येतं.

मग ० ते १०० अशी आडवी रेघ, कोणती गोष्ट किती गंभीर ते मोजायला. क्लासचं खोटं त्यांनी तडक ९० वर ठेवलं. इथे बहुतेकांची हीच गफलत होते, कारण मोजपट्टीवर खुणाच नसतात. म्हणून आधी खुणा, नंतर घटना. आणि त्या ज्याच्या त्याने ठरवायच्या. समुपदेशकाने ठरवल्या तर तो उपदेश होतो. त्यांनी लिहिलं : जवळच्या माणसाचा मृत्यू १००, मोठा आजार ७०, नोकरी जाणं ४५, पाकीट हरवणं १०. रेघेकडे पाहून स्वतःच म्हणाले, “म्हणजे क्लास बुडवणं आजारापेक्षा मोठं?” आकडा २० वर आला. शून्यावर नाही, आणि तो तसा यायलाही नको होता.

हे ऐन रागात जमत नाही. मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या दांपत्यांवरील कामातून आलेला आडाखा इथे उपयोगी पडतो : नाडी मिनिटाला १००च्या वर गेली की समोरच्याचं नीट ऐकूच येत नाही. किमान २० मिनिटं थांबायचं, तेही ‘अर्ध्या तासाने बोलू’ असं सांगून. नाहीतर समोरच्याला वाटतं, हा पाठ फिरवून गेला. त्या वेळात मनातल्या मनात पुढची वाक्यं जुळवत बसलात तर थांबणं फुकट.

पण तारतम्य म्हणजे सगळे आकडे खाली ओढणं नव्हे. या गृहस्थांच्या कामाचं श्रेय एक सहकारी वर्षात तीनदा स्वतःच्या नावावर घेऊन गेला होता. “जाऊ द्या हो,” म्हणत त्यांनी ५ लिहिले. खुणा समोर ठेवल्यावर तेच ३० झाले, आणि वरिष्ठांशी काय बोलायचं, कोणत्या तारखा सोबत न्यायच्या, हे ठरवण्यातच ती सगळी बैठक गेली.

तिसऱ्या आठवड्यात मोजपट्टीच घरात भांडणाला कारण झाली. पत्नी काही सांगत असताना ते म्हणाले, “हे जेमतेम दहाचं आहे.” ही नेहमीची पुढची चूक. दुसऱ्याच्या दुखण्याला आकडा आपण द्यायचा नसतो, त्याला विचारायचा. म्हणून पुढच्या वेळी दोघांना वेगवेगळ्या कागदांवर एकच गोष्ट मोजायला सांगितली : तो चार दिवसांचा अबोला. त्यांच्या कागदावर ५ होते. तिच्या कागदावर ६०.

ते बराच वेळ दोन्ही कागद पाहत राहिले. मग विचारलं, “साठ का?”