खाणीच्या ढिगाऱ्यावरचे 'कव्हर': झाकण, आवरण, आच्छादन की शाकार?

प्रश्न असा आहे. वेंगुर्ले तालुक्यातल्या एका ग्रामस्थ गटाला खाणीतून निघणाऱ्या टाकाऊ मातीदगडाविषयी मराठीत माहितीपत्रक काढायचे आहे. मूळ इंग्रजी मजकुरात 'अ‍ॅसिड माइन ड्रेनेज' (खाणीच्या ढिगाऱ्यातून झिरपणारे आम्लयुक्त पाणी) आणि तो रोखण्यासाठी ढिगाऱ्यावर घालायचे 'कव्हर' हे शब्द सारखे येतात. भाषांतरात 'आम्ल खाण निचरा' आणि 'झाकण' असे लिहिले आहे. ते ठेवावे की बदलावे?

दोन्ही बदलावेत. व्याकरणाचे कारण आहेच, पण मोठे कारण असे की हे शब्द वाचून माणूस चुकीच्या गोष्टीला हात घालेल.

आधी निचरा. हा शेतकऱ्याचा आवडता शब्द आहे. 'निचऱ्याची जमीन' म्हणजे चांगली जमीन, आंब्याच्या कलमाला निचरा हवाच, आणि निचरा होत नाही ही तक्रार असते. इथे मात्र नको असलेल्या पाण्याची गोष्ट चालली आहे. शिवाय 'आम्ल खाण निचरा' या तीन नामांच्या माळेत कोण कोणाचे ते कळत नाही. मराठीत नामाला नाम नुसते चिकटवून भागत नाही, मध्ये विभक्ती लागते. 'खाणीतला आम्लधर्मी पाझर' असे लिहा. पाझर अशासाठी की हे पाणी ढिगाऱ्याच्या पायथ्याशी हळूहळू सुटते आणि पाऊस थांबल्यावरही येत राहते. 'सांडपाणी' हे वापरून टाकलेले असते, 'गळती' फुटक्या भांड्याची किंवा पाइपची असते, आणि 'स्राव' म्हटले की दवाखाना आठवतो.

आता हे आम्ल येते कुठून ते पाहिल्याशिवाय 'कव्हर'चा शब्द ठरत नाही. दगडात पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधक यांचे पिवळे चकचकीत खनिज असते. रसशास्त्रातले सुवर्णमाक्षिक हे त्याचेच तांबेयुक्त भावंड. जमिनीत खोल गाडलेले असते तोवर ते निरुपद्रवी. उकरून, फोडून उघड्यावर टाकले की हवेतला ऑक्सिजन आणि पाणी मिळून त्यापासून गंधकाम्ल तयार होते. एक किलो पायराइट पूर्ण गंजायला साधारण एक किलो ऑक्सिजन लागतो आणि त्यातून सुमारे 1.6 किलो गंधकाम्ल निघते. पाण्याचा सामू (पीएच) 3.5 च्या खाली गेला की लोखंडावर जगणारे जिवाणू कामाला लागतात आणि वेग कित्येक पटींनी वाढतो. ढिगाऱ्यात पायराइटच्या रूपाने 1 टक्का गंधक असेल, तर दर टनामागे ते आम्ल मारायला सुमारे 31 किलो शुद्ध चुनखडी लागते. लाखो टनांच्या ढिगाऱ्याला हा हिशेब लावून पाहा, म्हणजे नंतर चुना ओतत बसण्यापेक्षा आधीच हवा तोडणे का बरे, ते लक्षात येईल.

या कृतीला पाणी लागते तितकीच हवाही लागते. 'झाकण' शब्द नेमका इथे फसवतो. झाकण म्हटले की डोळ्यासमोर डबा येतो: बाजू बंद, तळ बंद, फक्त तोंड उघडे. ढिगाऱ्याला बंद बाजूही नाहीत आणि बंद तळही नाही. आतली रासायनिक कृती उष्णता सोडते, तापलेली हवा वर जाते आणि तिच्या जागी पायथ्याच्या मोठ्या दगडांतून गार हवा आत ओढली जाते, अगदी चुलीसारखी. माथ्यावर ताडपत्री टाकून उतार उघडे ठेवले तर पाऊस थोडा अडेल, पण भट्टी चालूच राहील. शिवाय झाकण काढता येते, आणि इथे जे घालायचे ते कायमचे.

'आवरण' चारी बाजूंनी असते. खालून वेढा नसेल तर तो शब्द नसलेल्या गोष्टीचीही हमी देतो.

राहिले 'आच्छादन'. याला एकच अडचण, पण ती खरी आहे. कोकणात आच्छादन म्हणजे काजू-आंब्याच्या रोपाच्या बुंध्याशी घातलेले गवत, पालापाचोळा, नाहीतर प्लास्टिकचा कागद. शेतातल्या पालापाचोळ्याच्या आच्छादनातून पाणी आत गेले पाहिजे आणि मुळांना श्वास मिळाला पाहिजे. खाणीवरच्या आच्छादनातून दोन्ही जाता कामा नये. तरीही दोघांत एक साम्य आहे, ते म्हणजे खालची माती सुकू न देणे. ते किती कामाचे आहे ते पुढे येईलच. म्हणून मुख्य शब्द 'आच्छादन' हाच ठेवावा, पण पहिल्यांदा येईल तिथे 'हवा व पाणी रोखणारे आच्छादन' असे पूर्ण लिहावे.

'शाकार' सुचवणाऱ्यांचे म्हणणेही विचार करण्याजोगे आहे. मृगापूर्वी घर शाकारतात तेव्हा वळचणीपासून सुरुवात करून वर जातात, वरचा थर खालच्यावर चढतो आणि पाणी उतारावरून निघून जाते. ढिगाऱ्याला उतार देणे, पाणी अंगावर न थांबू देणे, दर वर्षी पाहणी करणे, हे सगळे शाकारणीत आहे. पण शाकारलेल्या छपरातून वारा खेळतो, आणि खेळावाच लागतो. म्हणून पाणी उतरवण्याच्या कामापुरता 'शाकार' चपखल, हवा रोखण्यापुरता तोकडा.

आता प्रकारांची नावे. इंग्रजीत मातीच्या थरांना 'ड्राय कव्हर' म्हणतात आणि पाण्याखाली बुडवण्याला 'वॉटर कव्हर'. पहिल्याचे 'कोरडे आच्छादन' कृपा करून करू नका, कारण ते काम करते ते ओले राहूनच! पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू सरकतो. मातीच्या बारीक छिद्रांत पाणी भरलेले असेल तर तीच माती ऑक्सिजनची वाट अडवते. तीच सुकली की चाळणी. छिद्रांचा निदान 85 टक्के भाग पाण्याने भरलेला राहावा, हा नेहमीचा निकष. तेव्हा 'मातीचे आच्छादन' आणि 'पाण्याचे आच्छादन' अशी साधी जोडी वापरावी.

मग उन्हाळ्यातही माती ओली ठेवायची कशी? इथे केशाकर्षण, म्हणजे बारीक छिद्रांनी पाणी ओढून धरणे, कामी येते. दोरीवर वाळत घातलेले धोतर पाहा. वरचा भाग सुकला तरी खालचा काठ शेवटपर्यंत ओला असतो, कारण काठाखाली हवा आहे आणि सुताच्या बारीक तंतूंनी धरलेले पाणी हवेत उडी मारत नाही. बारीक मातीच्या थराखाली जाड वाळूचा थर घातला की हेच घडते. जाड वाळूची मोठी छिद्रे पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून बारीक थर पाणी धरून बसतो. जोत्याखाली खडी घालून ओल वर चढू देत नाहीत, त्यामागेही हेच. 'कॅपिलरी बॅरिअर'ला म्हणून 'केशिका अडथळा' म्हणण्यापेक्षा 'ओल धरणारी थररचना' म्हटले तर वाचणाऱ्याला काम कळते. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये मालार्टिकजवळच्या एलटीए या खाणगाळाच्या जागेवर 1995-96 मध्ये अशी रचना केली. खाली अर्धा मीटर वाळू, मध्ये 0.8 मीटर आम्ल न करणारा बारीक चोथा, वर 0.3 मीटर वाळू-खडी. वरचा थर उन्हापासून मधल्या थराला वाचवतो, म्हणजे तो शेतकऱ्याच्या अर्थानेही आच्छादनच.

'चोथा' हा शब्द मुद्दाम वापरला आहे. 'टेलिंग' म्हणजे खनिज दळून हवा तो भाग काढून घेतल्यावर उरलेला बारीक गाळ. वाटलेल्या खोबऱ्याचा रस पिळून घेतल्यावर जे उरते तो चोथा. दोन्हीकडे गोष्ट तीच आहे. न दळलेल्या दगडाला मात्र 'टाकाऊ दगड' म्हणा. दोघांचे वागणे वेगळे आहे: चोथा बारीक, ओल धरणारा, दगडाचा ढीग भगदाडांचा, वारा पिणारा.

पाण्याच्या आच्छादनाबद्दल थोडेच सांगतो. ताजा चोथा निदान मीटरभर पाण्याखाली ठेवला तर उत्तम टिकतो. खाजणातल्या काळ्या चिखलातले लोखंड-गंधक पाण्याखाली गप्प असते, तसेच. पण आपल्याकडे ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंत रोज 4 ते 5 मिलिमीटर पाणी उडाले तरी मीटरभर पाणी संपते. बांध कायमचा टिकवावा लागतो, तो प्रश्न वेगळाच. आणि आधीच गंजलेला दगड बुडवला तर त्यात साठलेले आम्ल व लोहक्षार विरघळून उलट पाणी बिघडते.

माहितीपत्रकात 'साठवून उडवणारे आच्छादन' असाही प्रकार आला असेल. जाड माती पाऊस साठवते आणि झाडे-ऊन तो परत उडवतात. कोरड्या मुलखात हे चालते. सिंधुदुर्गात वर्षाला 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत पडतो. तेवढा साठवणारी माती कुठून आणणार? हा प्रकार पत्रकातून सरळ गाळावा.

आता क्रियापद, कारण नामाइतकेच तेही महत्त्वाचे. 'आच्छादन टाकणे' लिहू नका. माती टाकून आच्छादन होत नाही. ट्रकने ओतलेला ढीग ज्या उतारावर आपोआप थांबतो तो सुमारे 37 अंशांचा असतो, आणि त्यावर मातीचा थर पहिल्याच पावसाळ्यात घसरतो. आधी उतार निदान तीनास एक (तीन मीटर आडवे गेल्यावर एक मीटर खाली) इतका सौम्य करावा, मध्ये पायऱ्या व चर काढावेत. मग चिकण माती 15 ते 20 सेंटिमीटरच्या थरांनी चढवून प्रत्येक थर दाबावा. इथे आपल्याकडे तयार शब्द आहे: चोपणे. खळे करताना माती एकदम जाड घालत नाहीत. अर्धवट सुकू लागली की चोपण्याने चोपतात, पडलेल्या बारीक भेगा मिटवतात, पुन्हा चोपतात. रोलरने होणारे काम वेगळ्या आकाराचे, पण रीत हीच. ओल किती हवी ते हाताने कळते. मातीची वळी वळा. तीन मिलिमीटर जाडीला येऊन तुटू लागली की ओल जवळपास बरोबर. त्याआधीच भुगा झाला तर कोरडी, आणखी बारीक होऊनही तुटली नाही तर फार ओली.

नीट चोपलेल्या चिकण मातीतून पाणी सेकंदाला मीटरच्या एक अब्जांश वेगाने जावे असे धरतात. वरून सतत पाणी उभे राहिले तरी वर्षाला सुमारे 3 सेंटिमीटर. पण भेगा आणि मुळे शिरली की हाच वेग दहापट, कधी शंभरपट होतो. म्हणून पांढुरकी चिकण माती, जी जांभ्याखाली मिळते, ती घाटावरून आणलेल्या काळ्या मातीपेक्षा बरी: ती फुगत-आकसत कमी, म्हणून फाटतेही कमी. चोपलेला थर मार्च ते मे उघडा ठेवू नये. त्याच आठवड्यात वरचा संरक्षक थर चढवावा. वर गवत लावावे, खोल मुळांची झाडे लावू नयेत. वारुळे आणि घुशींची बिळे दर वर्षी पाहावीत. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागातल्या रम जंगल खाणीवर 1980 च्या दशकात 225 मिलिमीटर चोपलेली चिकण माती, तिच्यावर 250 मिलिमीटर वाळूमिश्रित माती आणि 150 मिलिमीटर खडीदार वाळू असे थर दिले होते. तिथेही पावसाळा आणि कोरडा ऋतू असे दोन टोकांचे हवामान. सुरुवातीला पावसाच्या 5 टक्क्यांहून कमी पाणी आत जाई. पुढे ते प्रमाण वाढत गेले. थर इतके पातळ असतील तर ऊन आणि मुळे आज ना उद्या चिकण मातीपर्यंत पोहोचतातच.

एक वाक्य पत्रकात जरूर असावे: आच्छादन नवे आम्ल तयार होणे कमी करते, आधी तयार झालेले नाहीसे करत नाही. पाझर वर्षानुवर्षे चालू राहू शकतो, आणि तेवढा काळ त्याला चुनखडीचा उपचार द्यावाच लागतो. म्हणून 'आम्ल थांबते' लिहू नका, 'आम्ल होण्याचा वेग घटतो' लिहा.

शेवटी वेंगुर्ले तालुक्यातल्याच खाणींचा मुद्दा. रेडीच्या लोखंडाच्या खाणी ऑक्साइड खनिजाच्या आहेत. पावसात तिथून येणारे लाल पाणी म्हणजे बहुतांशी मातीचा गाळ. त्याने शेते आणि ओढे-व्हाळ भरतात, ते नुकसान खरेच आहे, पण त्याला 'आम्लधर्मी' म्हणू नये. उलट खरा आम्लधर्मी पाझर काचेसारखा स्वच्छ असू शकतो, आणि चांगल्या पाण्यात मिसळला की मग दगडांवर नारिंगी साका बसतो. व्हाळाच्या कडेला साचलेल्या पाण्यावर तेलासारखी तकतकी दिसली तर काडीने हलवून पाहा. पापुद्रे फुटून वेगळे राहिले तर लोखंडाचे जिवाणू, पुन्हा एक झाली तर तेल. सामू मात्र रंगावरून ठरत नाही. तो सामूच्या कागदी पट्टीने पाहावा, आणि पत्रकात 'लाल पाणी' व 'आम्लधर्मी पाणी' हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत.