नो पार्किंगचं चलान मान्य नसेल तर…

‘वाचक विचारतात’ या सदरासाठी या वेळी आलेली बरीच पत्रं एकाच विषयावरची होती: नो पार्किंगचं ई-चलान. त्यांतले नेमके प्रश्न निवडून इथे एकत्र दिले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या खासगी वाहनांना धरून आहेत.

प्रश्न : चलानाचा मेसेज आला. गाडी मी नियमात लावली होती असं माझं ठाम मत आहे. आधी दंड भरून टाकावा आणि मग तक्रार करावी, असं एकाने सुचवलं. चालेल का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही, तेच करू नका. ई-चलानाची रक्कम म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम 200 खालचं तडजोड शुल्क. ते भरलं की प्रकरण मिटतं, आणि मिटलेल्या प्रकरणावर वाद घालायला जागा उरत नाही. ‘निषेध नोंदवून भरतो’ असा काही पर्याय तिथे नसतो. तेव्हा लढायचं की भरायचं, हे पैसे देण्याआधी ठरवा.

ठरवण्यासाठी चलान नीट वाचावं लागतं. वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक अ‍ॅपवर किंवा राज्याच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार अंक टाकले की गाडीवरची सगळी चलानं दिसतात. मेसेजमधल्या दोन ओळींवर विसंबू नका, मूळ चलान उघडा. तारीख, वेळ, ठिकाण, लावलेलं कलम आणि फोटो, या पाच गोष्टी पाहायच्या.

कलमाकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात, पण तुमचा बचाव तिथूनच ठरतो. 119/177 लिहिलं असेल तर आरोप ‘वाहतूक चिन्ह पाळलं नाही’ असा आहे. मग चिन्ह होतं का, दिसत होतं का, हा मुद्दा येतो. 122/177 असेल तर आरोप धोका, अडथळा किंवा गैरसोय होईल अशी गाडी उभी केल्याचा आहे. तिथे ‘फलक नव्हता’ हे उत्तर लागू पडत नाही. रस्ता किती रुंद होता आणि वाहतूक खरंच अडत होती का, हे दाखवावं लागतं. कलम 177 चा दंड पहिल्या वेळी 500 रुपये आणि पुढच्या वेळी 1500 रुपये आहे. म्हणून आधीचं एखादं चलान चुकून तुमच्या नावावर बसलं असेल तर तेही आत्ताच निस्तरा.

फोटो मोठा करून पाहा. बऱ्याच चलानांत फक्त नंबर प्लेटचा जवळून काढलेला फोटो असतो. गाडी तुमची आहे एवढं त्यातून कळतं, ती कुठे उभी होती ते कळत नाही. तक्रारीत हे स्पष्ट लिहा.

तक्रार अ‍ॅपवर किंवा संकेतस्थळावरच करा. वाहतूक शाखेत तोंडी सांगून आलात तर हाती काही राहत नाही. मजकूर सात-आठ ओळींपेक्षा लांबवू नका. उदाहरणार्थ: ‘चलान क्रमांक अमुक. आरोप कलम 119/177. जोडलेल्या फोटोत नो पार्किंगचा फलक दिसत नाही. सदर जागेपासून दोन्ही दिशांना फलक नसल्याचा त्याच दिवशीचा व्हिडिओ आणि तीन फोटो जोडले आहेत. चलान रद्द करावं.’ बस. पोलिसांची वागणूक, शहरातली पार्किंगची टंचाई, शेजारच्या दहा गाड्यांना सोडून मलाच का पकडलं, हे सगळं खरं असलं तरी त्याने चलान रद्द होत नाही. उलट मुख्य मुद्दा झाकला जातो. तक्रार नोंदल्यावर येणारा क्रमांक स्क्रीनशॉट काढून ठेवा. नोटिशीवरची मुदत पाळा. मुदतीत हालचाल केली नाही, तर आरोप मान्य आहे असं धरलं जाण्याचा धोका असतो.

प्रश्न : आमच्या रस्त्यावर फलकच नाही, तरी चलान आलं. हे बेकायदा नाही का? – एक वाचक, पुणे

उत्तर : गाडी नेमकी कुठे उभी होती त्यावर अवलंबून आहे. फुटपाथ, झेब्रा क्रॉसिंग, चौकाचं तोंड, वळण, बस थांबा, एखाद्या इमारतीचं किंवा रुग्णालयाचं फाटक, आधीच उभ्या असलेल्या गाडीच्या शेजारी दुसरी रांग, या ठिकाणी फलकाची गरजच नसते. वाहन चालवण्याच्या 2017 च्या नियमावलीनेच तिथे गाडी लावायला मनाई आहे. तुमची गाडी यांपैकी कुठे असेल तर 500 रुपये भरून मोकळं व्हा.

साध्या सरळ रस्त्याच्या कडेला असाल तर मात्र मुद्द्यात दम आहे. एखादा रस्ता नो पार्किंग ठरवण्यासाठी सक्षम अधिकाऱ्याचा आदेश लागतो. आयुक्तालय असलेल्या शहरांत वाहतूक पोलीस उपायुक्त कलम 115, 116 आणि 117 खाली तशी अधिसूचना काढतात. त्यानुसार लागलेला फलक हाच कायद्याचा फलक. निळ्या गोलावर लाल कडा आणि एक तिरकी लाल रेघ म्हणजे पार्किंग नाही. लाल रेघांची फुली म्हणजे थांबणंही नाही. सोसायटीने किंवा दुकानदाराने रंगवून टांगलेली ‘नो पार्किंग, हवा सोडली जाईल’ ही पाटी या जातीत बसत नाही. (हवा सोडण्याचा अधिकारही त्यांना नाही, ते वेगळं.) मात्र पाटी फाटकावरच असेल तर फाटक अडवल्याचा आरोप राहतोच.

पुरावा त्याच दिवशी गोळा करा, कारण फलक नंतर लागू शकतो आणि मग ‘तेव्हा नव्हता’ हे सिद्ध करणं तुमच्या गळ्यात पडतं. मागच्या चौकापासून गाडी उभी होती तिथपर्यंत आणि पुढच्या चौकापर्यंत चालत एक सलग, न तोडलेला व्हिडिओ घ्या. दुकानांच्या पाट्या आणि विजेच्या खांबांचे क्रमांक त्यात यायला हवेत, म्हणजे जागा ओळखता येते. फलक आहे पण फांद्यांनी किंवा फ्लेक्सने झाकलाय, खांब वाकून भलतीकडे वळलाय, अक्षरं उडालीत, तर चालकाच्या उंचीवरून आणि गाडी येते त्या दिशेने फोटो काढा. खाली उभं राहून वर कॅमेरा धरलेल्या फोटोत झाकलेला फलकही स्वच्छ दिसतो आणि तुमचाच मुद्दा पडतो. मूळ फाइल फोनमध्ये राहू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेल्या फोटोत काढल्याची वेळ आणि जागा यांची आतली नोंद उरत नाही.

पुण्यात सम-विषम तारखांचं पी-1, पी-2 पार्किंग आहे (विषम तारखेला रस्त्याची एक बाजू, सम तारखेला दुसरी). तिथे समोरच्या बाजूचा फलकही फोटोत घ्या आणि चलानावरची तारीख तपासा. रात्री लावलेली गाडी बारानंतर चुकीच्या बाजूला ठरते. ती चूक मालकाचीच धरली जाते.

याच्या जोडीला माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून वाहतूक शाखेच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे तीन गोष्टी मागा: या रस्त्याच्या नो पार्किंग अधिसूचनेची प्रत, फलक बसवल्याची तारीख, आणि फलक कोणत्या ठिकाणापासून कोणत्या ठिकाणापर्यंत लागू आहे त्याचा तपशील. उत्तराला 30 दिवस मिळतात, म्हणून त्याची वाट पाहत तक्रार रखडवू नका. तक्रार आधी, अर्ज त्याच आठवड्यात. ‘अशी अधिसूचना नाही’ असं लेखी उत्तर आलं, तर कोर्टात तोच तुमचा सर्वांत वजनदार कागद ठरतो.

प्रश्न : गाडी टो करून नेली. दंड आणि टोइंगचे पैसे दोन्ही घेतले. गाडीला ओरखडेही आले. काय करता येईल? – एक वाचक, नागपूर

उत्तर : कलम 127 नुसार गाडी उचलायची किंवा चाकाला जॅमर लावायचा तर त्या हद्दीतल्या, गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याची परवानगी लागते. टोइंग व्हॅनवरची पोरं स्वतःच्या मर्जीने गाडी उचलत असतील आणि सोबत पोलीस नसेल, तर ती कारवाईच सदोष आहे. व्हॅनचा नंबर दिसेल असा व्हिडिओ हा त्याचा पुरावा. मात्र कारवाई योग्य असेल तर टोइंगचा खर्च मालकाकडूनच घेण्याची तरतूद त्याच कलमात आहे, त्यामुळे दोन्ही रकमा घेतल्या एवढ्यावरून तक्रार उभी राहत नाही. पावती मात्र मागा, आणि तिच्यावर दंड व टोइंग वेगवेगळे दाखवलेले हवेत.

ओरखड्यांचं सांगायचं तर गाडी आवारातून बाहेर काढण्याआधीच चारही बाजूंचे फोटो घ्या आणि नुकसानीची नोंद तिथेच लेखी द्या. एकदा बाहेर पडलात की ओरखडा कुठे लागला हे कोणी ठरवू शकत नाही.

प्रश्न : दुचाकी दोन वर्षांपूर्वी विकली, तरी चलानं मलाच येतात. शिवाय एका चलानातली गाडी माझ्याकडे कधी नव्हतीच! – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : हे दोन वेगळे आजार आहेत. विकलेल्या गाडीची नोंद अजून तुमच्या नावावर आहे, म्हणजे नावबदल झालेला नाही. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात 14 दिवसांत नमुना 29 भरून आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याने नमुना 30 भरायचा असतो. नुसता स्टॅम्प पेपरवरचा करार या कामी पुरत नाही. आता तो करार, गाडी ताब्यात दिल्याची पावती आणि घेणाऱ्याचा पत्ता जोडून तक्रार करा. गाडी कोण चालवत होतं याची माहिती देणं कलम 133 प्रमाणे मालकावर बंधनकारक आहेच. त्याच वेळी आरटीओत नावबदलाचा पाठपुरावा करा, नाहीतर पुढचं चलान येतच राहील.

दुसरं प्रकरण बहुधा नंबर चुकीचा टाकल्याचं. फोटोतल्या गाडीचा प्रकार, रंग, कंपनी तुमच्या आरसीशी ताडून पाहा. फरक असेल तर आरसी आणि तुमच्या गाडीचा मागून-पुढून फोटो जोडला की अशी चलानं सहसा रद्द होतात. पण फोटोतल्या प्लेटवर खरोखर तुमचाच नंबर असेल, तर बनावट प्लेटची शंका धरून पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि तिची पोच चलानाच्या तक्रारीला जोडा.

प्रश्न : तक्रार फेटाळली गेली. पुढे कोर्ट की लोकअदालत? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : चूक तुमची नाही असं म्हणणं असेल तर लोकअदालत तुमच्यासाठी नाही. तिथे तडजोड होते, निवाडा होत नाही, आणि तिच्या निर्णयावर अपीलही नाही. चूक मान्य आहे, फक्त साठलेली चलानं मिटवायची आहेत, त्यांनी तिथे जरूर जावं.

प्रकरण व्हर्च्युअल कोर्टात (चलानं ऑनलाइन हाताळणाऱ्या न्यायालयात) गेलं असेल तर तिथल्या संकेतस्थळावर गाडीच्या किंवा चलानाच्या क्रमांकाने ते सापडतं. दंड भरणे आणि आरोप अमान्य करणे असे दोन पर्याय असतात. दुसरा निवडला की ते नेहमीच्या न्यायदंडाधिकारी न्यायालयाकडे जातं. तिथे ‘गुन्हा कबूल नाही’ एवढं सांगितलं की आरोप सिद्ध करणं सरकार पक्षाचं काम होतं. चलान कॅमेऱ्याने केलेलं असेल तर केंद्रीय मोटार वाहन नियम 167-अ प्रमाणे फोटोत गुन्हा आणि नंबर प्लेट स्पष्ट दिसणं, आणि सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र असणं अपेक्षित आहे. ते आहे का, हे विचारा. तुमच्या व्हिडिओलाही भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं तसंच प्रमाणपत्र लागू शकतं, म्हणून ज्या फोनवर चित्रण केलं तो फोन तोवर विकू नका.

चलान जुनं असेल तर आणखी एक मुद्दा. फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल कोर्टाने सहा महिन्यांत घ्यायची असते. आता ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 514 मध्ये आहे. उशीर माफ करण्याचा अधिकार कोर्टाला आहे, आणि मुदत उलटली म्हणून पोर्टलवरचं चलान आपोआप पुसलं जात नाही. हा मुद्दा तुम्हालाच मांडावा लागतो.

500 रुपयांसाठी कामावर खाडा करून तारखांना जाणं परवडतं का, हा हिशेब ज्याचा त्याने करायचा. आमच्या मते चुकीची गाडी, नसलेला फलक किंवा 1500 रुपयांचा ‘दुसरा गुन्हा’ असेल तरच कोर्टाची पायरी चढावी.

प्रश्न : औषध घ्यायला दोनच मिनिटं थांबलो होतो. माफी मिळेल? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : दोन मिनिटांच्या सबबीवर नाही. रुग्ण गाडीत होता आणि त्याच वेळेचा केस पेपर किंवा रुग्णालयाची पावती असेल, तर ती जोडून विनंती करून पाहा. ती अधिकाऱ्याच्या मर्जीची बाब आहे, तुमचा हक्क नाही.

प्रश्न : चलान भरण्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाइल आली आहे. उघडू का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : उघडू नका. चलानाच्या नावाने एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी) पाठवून बँक खाती रिकामी करण्याचे प्रकार घडले आहेत. चलान खरं असेल तर ते गाडीचा नंबर टाकून सरकारी संकेतस्थळावर दिसतंच, आणि त्या संकेतस्थळाचा पत्ता ‘डॉट गव्ह डॉट इन’ ने संपतो. फाइल आधीच उघडली असेल तर इंटरनेट बंद करा, बँकेला कळवा आणि 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा.