कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा) तापमान सेन्सर दोनदा बदलला तरी चेक इंजिनचा दिवा परत लागतो. आता काय करू?

तिसरा सेन्सर आणू नका. २०१४ची पेट्रोल गाडी, कोड पी-०११८, सकाळी थंड इंजिनालाही फॅन फिरतो, ॲव्हरेज पडलंय आणि पावसात त्रास वाढतो, एवढं तुम्ही लिहिलंय. त्यावरून मला वायरिंगचाच संशय येतो.

हा कोड आला की गॅरेजवाले सरळ ‘कूलंटचा सेन्सर गेला’ म्हणतात. कोडचं म्हणणं एवढंच असतं की त्या सर्किटवर व्होल्टेज जास्त दिसतंय. ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, सेन्सरला ५ व्होल्ट देतो. सेन्सर थंड असेल तर त्याचा रेझिस्टन्स जास्त: बहुतेक गाड्यांत २० अंशाला दोन-अडीच किलोओहम, ८० अंशाला तीनेकशे ओहम. वायर तुटली तर रेझिस्टन्स अमर्याद, म्हणजे ईसीएमच्या लेखी उणे ४० अंश! मग तो चोक ओढल्यासारखं पेट्रोल पाजत राहतो, आणि खबरदारी म्हणून फॅनही सुरू ठेवतो.

मी काही मेकॅनिक नाही, पण माझ्या जुन्या गाडीने हाच खेळ तीन महिने केला आणि मीही सेन्सरवर पैसे घालवले. शेवटी मल्टीमीटर घेऊन स्वतः बसलो.

इंजिन पूर्ण थंड असताना सेन्सरचा कप्लर (वायरच्या टोकाचा प्लग) काढा आणि फक्त इग्निशन ऑन करा. फॅन अचानक सुटू शकतो, हात लांब ठेवा. स्कॅनरवर (गाडीला लावून कोड आणि आकडे वाचायचं यंत्र) उणे ४० दिसेल. आता कप्लरच्या दोन पिना बारीक वायरच्या तुकड्याने एकमेकींना जोडा. आकडा एकदम शंभरच्या बराच वर उडाला तर वायर ठीक, सेन्सर खराब. जागचा हलला नाही तर वायर नाहीतर ईसीएम, आणि ईसीएम फार क्वचित जातो. (काही गाड्या बिघाड दिसला की मनचाच आकडा दाखवतात, म्हणून आधी कोड पुसून घ्या.) हे फक्त दोन पिनांच्या सेन्सरवर करायचं. तीन पिनांच्या सेन्सरला असं काही करू नका. जाड सुई किंवा खिळाही घुसवू नका, पिना सैल होतात आणि नवीन दुखणं मागे लागतं.

मग मीटर. काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल एकेका पिनेवर. एकीवर ५ व्होल्ट यायला हवेत. कुठेच नाहीत तर सिग्नलची वायर तुटलीय. ५ मिळाले तर काळी प्रोब दुसऱ्या पिनेवर न्या. तिथे ५ येत नसतील तर अर्थ गेलाय. बल्बवाला टेस्ट लॅम्प इथे वापरू नका.

माझ्याकडे मात्र सगळं बरोबर आलं! गाडी उभी असताना तुटकी वायरही टेकून बसते. मग बायकोला स्कॅनरकडे बघायला सांगून मी हार्नेस (वायरींचा जुडगा) वीत-वीत हलवत गेलो. बॅटरीच्या ट्रेखाली हात गेला आणि ती ओरडली, “उणे चाळीस!” बाहेरून इन्सुलेशन धड होतं, पण हलकेच ओढलं तर तेवढ्याच जागी ते च्युइंगमसारखं ताणलं जाई. कापून पाहिलं तर आत तांब्याला हिरवा कळक चढून भुगा झालेला. तुमच्याकडे उंदरांचा उपद्रव असेल तर त्यांचे दातही शोधा.

जोडताना आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा. चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर मागे कापा, कारण कळकलेल्या तारेला सोल्डरचा डाग बसत नाही. त्याच जाडीचा तुकडा घालून सोल्डर करा, वर हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळून बसणारी नळी). नुसती टेप नको, इंजिनच्या उष्णतेने तिचा डिंक पाघळतो. जोड वळणावर येऊ देऊ नका आणि वायरला थोडी ढील ठेवा.

कोड पुसा, गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी स्टार्टर मारायच्या आधी स्कॅनर लावा. कूलंटचा आकडा आणि इंजिनात जाणाऱ्या हवेचा आकडा यांत बराच फरक दिसला, तर कुठेतरी अजून एक कच्चा जोड असू शकतो.