क्लबचे वर्ष जुलैत, गावाचे वर्ष मृगात

नमस्कार.

चार हजार वस्तीच्या गावात नव्याने सुरू झालेल्या सेवा क्लबने दर महिन्याला कोणता उपक्रम घ्यावा, असे आपण विचारले आहे. वरच्या कार्यालयाला दरमहा अहवाल द्यावा लागतो, पहिल्या चार महिन्यांतच सभेची हजेरी बावीसवरून नऊवर आली आहे, आणि कोणी बारा महिन्यांची तयार यादी दिली तर बरे होईल, असेही आपण लिहिले आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या अशाच एका गावात मी एकोणीस वर्षे क्लबचा सदस्य आहे. दोनदा अध्यक्ष होतो आणि सहा वर्षे सचिवपद सांभाळले. महिन्यांची यादी मी पुढे देतोच आहे, परंतु ती आपल्या गावाच्या पेरणी-वेचणीवर बसवून घेतल्याशिवाय वापरू नका, अशी कळकळीची विनंती आहे.

रोटरी काय किंवा लायन्स काय, या संस्थांचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि ३० जूनला संपते. शहरात त्याने काही अडत नाही. आपल्याकडे मात्र जुलैत पेरणी आटोपून डवरण आणि निंदण सुरू असते, पावसाने दडी मारली तर दुबार पेरणीची धास्ती असते, आणि घरात होता नव्हता तो पैसा बियाण्या-खतात गेलेला असतो. नेमक्या त्याच वेळी आपण सभागृह भाड्याने घेऊन, पाहुणे बोलावून, जेवणावळी घालून पदग्रहण समारंभ करतो. वावरातून थकून आलेला सदस्य तिथे येत नाही. आणि जो पहिल्याच कार्यक्रमाला आला नाही तो पुढच्या कार्यक्रमाला यायला संकोचतो. आपली हजेरी घसरण्याचे मोठे कारण मला हेच दिसते. आम्ही नऊ वर्षांपासून पदग्रहण जिल्हा परिषदेच्या शाळेच्या खोलीत, रविवारी संध्याकाळी, चहा आणि चिवड्यावर करतो. वाचलेल्या रकमेतून फेब्रुवारीच्या नेत्रशिबिराच्या गाडीभाड्याचा मोठा भाग निघतो.

मासिक सभेचा वार ठरवताना आठवडी बाजाराचा दिवस टाळावा, आणि वेळ दिवेलागणीनंतरची ठेवावी. सभेचा पहिला विषय नवा उपक्रम हा नसावा. मागील महिन्यात जे केले त्यातले काय अर्धवट राहिले, ते कोण पूर्ण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, हा पहिला विषय असावा. ही सवय आम्हाला एका चुकीनंतर लागली. ती चूक इथे सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

मी सचिव असतानाच्या दुसऱ्या वर्षी आम्ही मोतीबिंदूचे शिबिर घेतले. दोनशेच्या वर लोकांची तपासणी झाली, एकतीस जणांना शस्त्रक्रियेसाठी नेले, परत आणून प्रत्येकाला घरी सोडले, छायाचित्रांसह अहवाल पाठवला आणि आमची पाठही थोपटली गेली. तीन आठवड्यांनी मी काही कामाने गावाबाहेरच्या वस्तीवर गेलो, तेव्हा आमच्या शिबिरातल्या एका आजीबाई ओट्यावर बसलेल्या दिसल्या. डोळा लाल होता, पाणी गळत होते. औषध टाकता की नाही, असे विचारल्यावर त्यांनी लुगड्याच्या पदराची गाठ सोडली आणि आतून थेंबांची बाटली काढून माझ्या हातावर ठेवली. बाटलीचे झाकण कंपनीने लावलेले तसेच होते, सील तुटलेले नव्हते. त्या म्हणाल्या, "भाऊ, हे कसं टाकाव लागते ते कोनी सांगतलंच नाही. सून वावरात जाते, मले तर वाचता येत नाही. म्हनून जपून ठेवली." त्यांना त्याच दिवशी रुग्णालयात नेले आणि डोळा वाचला, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण चार ते सहा आठवडे डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी थेंब टाकावे लागतात. म्हणजे रुग्णाला गाडीतून घरी उतरवून दिले तेव्हा आमचे काम निम्म्यावर आले होते, आणि आम्ही मात्र ते संपले असे समजून अहवाल पाठवून मोकळे झालो होतो.

तेव्हापासून शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक रुग्णामागे एक सदस्य नेमलेला असतो. तो पहिले सात दिवस रोज आणि नंतर दर चौथ्या दिवशी घरी जातो, आणि घरातले शाळकरी मूल असेल तर त्यालाच थेंब टाकायला शिकवतो, कारण सून-मुलगा वावरात असले तरी मूल सकाळ-संध्याकाळ घरी सापडते. फेरतपासणीच्या तारखेला गाडी सांगण्याची जबाबदारीही त्याच सदस्याची. एक गोष्ट आम्हाला अनपेक्षितपणे कळली: असे घर नेमून दिलेले सदस्य सभेला गैरहजर राहत नाहीत, कारण त्यांना काही सांगायचे असते.

पोलिओच्या बाबतीत हेच मोठ्या प्रमाणावर घडले. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओविरुद्धची मोहीम हाती घेतली आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशियाचा विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. बूथवरच्या रविवारानंतर घरोघरी फिरून दारावर खडूने खूण करणे आणि सुटलेल्या घरी पुन्हा जाणे, याचा त्यात मोठा वाटा होता. आपल्या गावातल्या आशाताई आणि अंगणवाडीताई यांना ते काम आठवत असेल. त्यांना पहिल्या सभेत बोलावून त्यांच्याकडून ऐका.

आता महिन्यांकडे वळतो.

जुलैत वृक्षारोपण सगळेच करतात. पाचशे रोपे लावून छायाचित्र काढण्यापेक्षा पंचवीस लावावीत आणि ती एप्रिल-मेमध्ये कोण पाणी घालणार त्याची नावे आधी लिहून घ्यावीत. विदर्भात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा खरी परीक्षा त्या महिन्यांत होते. कडुनिंब, करंज, चिंच ही झाडे तग धरतात. लोखंडी जाळीला पैसा घालवू नये. बाभळीच्या किंवा बोरीच्या काट्यांचे कुंपण शेळ्या-ढोरांपासून रोप चांगले राखते.

ऑगस्ट-सप्टेंबर हे फवारणीचे आणि सापांचे महिने. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आम्ही जवळून पाहिले आहे. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, आणि उंच पिकात फवारताना औषध अंगावर आणि चेहऱ्यावर येते. यावरचे बोलणे पोळ्याच्या दिवशी करावे. तोरणाखाली बैल उभे असतात, गावातले बहुतेक शेतकरी तिथे असतात, आणि पोळा फुटायच्या आधी दहा मिनिटे सहज मिळतात. तेवढ्यात वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नये, नोझल तोंडाने फुंकू नये, फवारताना तंबाखू-खर्रा खाऊ नये, काम झाल्यावर साबणाने अंघोळ करून कपडे वेगळे धुवावेत, आणि त्रास झाल्यास औषधाचा डबा सोबत घेऊनच दवाखाना गाठावा, एवढे सांगून होते. डबा सोबत असला की कोणते विष आहे ते डॉक्टरांना लगेच कळते. सर्पदंशाचेही असेच: जखम कापू नये, करकचून दोरी बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ दवडू नये, १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर उतारा म्हणून चालणारी एकच लस असते. ती कोणत्या दवाखान्यात आहे याची विचारपूस क्लबने जूनमध्येच करून ती माहिती पारावर लिहून ठेवावी. फवारणीच्या या कार्यक्रमाला औषधविक्रेत्याचे प्रायोजकत्व घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

सोयाबीन निघू लागले की ऑक्टोबरमध्ये काहीही ठेवू नये. फक्त सभा घ्यावी.

सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, होऊन कापसाची वेचणी सुरू झाली की बायामाणसे दिवसभर वावरात असतात. त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरचे कार्यक्रम रात्रीचे हवेत. अनेक गावांत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना संध्याकाळी होते. मंडळाच्या प्रमुखांची परवानगी घेऊन प्रार्थनेनंतर पंधरा मिनिटे मागावीत. वेगळी सभा बोलवावी लागत नाही. सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराविषयी आम्ही इथेच बोलतो, कारण तुळशीच्या लग्नानंतर सोयरिकी जुळू लागतात. पती-पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल सिकलसेलग्रस्त होण्याची शक्यता २५ टक्के असते, हे लग्नाआधी कळायला हवे. वाहक हा रुग्ण नसतो, हे त्याच दमात सांगावे, नाहीतर मुलींची लग्ने मोडतात आणि दोष आपल्या उपक्रमावर येतो. तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत करावी, आणि निकाल फक्त त्या व्यक्तीच्या हाती द्यावा; क्लबच्या वहीत त्याची नोंद नको. २० डिसेंबर ही गाडगेबाबांची पुण्यतिथी. त्या दिवशी खराटे घेऊन बसस्थानक आणि बाजाराची जागा झाडावी, भाषण ठेवू नये.

जानेवारीत तूर निघते. फेब्रुवारीत माणसे मोकळी होतात, तेव्हा नेत्रशिबिर घ्यावे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया हिवाळ्यातच करावी असा समज आहे, पण आजच्या पद्धतीत ऋतूचा अडसर नाही. आम्ही फेब्रुवारी निवडतो तो सोबतीला घरचे माणूस मिळते म्हणून. मार्च परीक्षांचा.

रक्तदानाविषयी थोडे अधिक लिहितो. २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला सगळीकडे शिबिरे होतात, आणि एप्रिल-मेमध्ये रक्तपेढ्यांत टंचाई असते. रक्त साठवून ठेवण्याची मुदत ३५ ते ४२ दिवसांची असते, त्यामुळे जानेवारीचे रक्त मेमध्ये कामी येत नाही. सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या अनेक रुग्णांना मात्र बाराही महिने रक्त लागते. म्हणून आम्ही शिबिर एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी सात ते दहा या वेळेत, रक्तपेढीला विचारून घेतो. दात्याचे वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ असावे लागते. आमच्याकडे रक्तदानाला आलेल्या बऱ्याच बायांना हिमोग्लोबिन कमी म्हणून परत जावे लागे. पूर्वी आम्ही त्यांना केळे-बिस्किट देऊन निरोप देत होतो. आता त्यांची संमती घेऊन नावे आशाताईंकडे देतो, लोहाच्या गोळ्या सुरू होतात, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी होते. किती पिशव्या रक्त जमा झाले याइतकाच हा आकडाही मी अहवालात लिहीत आलो आहे.

मे महिन्याचा उपक्रम माझ्या सर्वांत आवडीचा आहे. त्याला खर्च जवळजवळ शून्य येतो. घरच्या सोयाबीनची उगवण तपासणे. सोयाबीनचे टरफल पातळ असते. मळणीत किंवा पोती आपटल्याने दाण्याला मार लागला की तो उगवत नाही. गोणपाटाचा तुकडा भिजवून त्यावर न निवडलेले शंभर दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, वर दुसरा ओला तुकडा घालून गुंडाळी करायची, सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडायचे, आणि सहाव्या-सातव्या दिवशी उलगडून सशक्त कोंब मोजायचे. सत्तर किंवा अधिक उगवले तर एकरी तीस किलो बियाणे पुरते. साठच उगवले तर पस्तीस किलो लागते. त्याहून फार कमी असेल तर ते बियाणे बाजारात विकून टाकावे. आमचे सदस्य वाटून दिलेल्या गल्ल्यांत फिरतात आणि प्रत्येक गुंडाळीला शेतकऱ्याच्या नावाची चिठ्ठी बांधून शाळेच्या व्हरांड्यात ओळीने ठेवतात. उलगडायच्या सकाळी गाव जमा होते. आपल्या गोणपाटावर ब्याऐंशी कोंब निघाले हे पाहून हातरुमालाने डोळे पुसणारा शेतकरी मी पाहिला आहे. आदल्या वर्षी त्याची पेरणी उलटली होती, आणि विकतच्या बियाण्यासाठी तो कर्ज काढायच्या बेतात होता. जूनमध्ये फक्त एवढेच सांगत फिरावे, की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका.

पैशाबाबत: प्रत्येक वर्गणीची पावती फाडावी, खाते क्लबच्या नावाने असावे, जमाखर्च दर सभेत मोठ्याने वाचावा. संस्था धर्मादाय कार्यालयात नोंदलेली असेल तर पदाधिकारी बदलल्यावर ९० दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावा लागतो. जुलैच्या गडबडीत तो राहून जातो, आणि काही वर्षांनी बँकेत सह्यांचा घोळ होतो.

आपल्या हजेरीसाठी एक करून पाहा. आतापर्यंतच्या चार महिन्यांत ज्या ज्या माणसांसाठी आपण काही केले, त्यांची नावे वहीत उतरवा, आणि गैरहजर राहणाऱ्या तेरा सदस्यांना प्रत्येकी तीन-चार घरे वाटून द्या. त्यांना सभेचे निमंत्रण देऊ नका; त्या घरी जाऊन काय स्थिती आहे, ती सभेच्या आदल्या दिवशी तुम्हाला येऊन सांगा, एवढेच म्हणा. वहीचा जो नमुना आम्ही वापरतो त्यात पाच रकाने आहेत: नाव, वस्ती, काय केले, पुढची भेट केव्हा, आणि भेट झाली का. शेवटच्या रकान्यात "नाही" असेल तर तो विषय पुढच्या सभेत सर्वांत आधी घेतला जातो.